पांघरुणातलं एक माप

सोमवार, ता. १६

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आधी बातमी लिहिते, खुशाली मागून. बेसिनवरच्या फळीवर ठेवलेली साक्षीदार चकती आज सकाळी फुटली. पडली नाही, कुणाचा धक्काही लागला नाही. हात पुसता पुसता मी सहज बोट लावलं, तर चहात जरा जास्त वेळ बुडालेलं बिस्किट सुटावं तशी ती सुटली. गळतीबाईंनी तुकडे भिंगाखाली धरून पाहिले आणि सांगितलं, की वरून तडा गेलेला नाही. चकती आतून, कणाकणांच्या सांध्यांतून उकलली आहे. चकतीतून वायू गळतो का हे तपासण्यात त्यांचा जन्म गेला. त्या एकदा बोलल्या, की कारखान्यात कुणी उलट बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे.

ही चकती ज्या भट्टीतली, त्या भट्टीतल्या बाकी सगळ्या तुमच्या प्रसूतिगृहाच्या तळघरात आहेत. तू रोज ज्या यंत्रापाशी उभा राहतोस, त्याच्या पोटात.

आता खुशाली. इकडे सगळे धडधाकट आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. छकुलीला ताप होता असं काकांकडून कळलं, उतरला का? भाचीची तब्येत हायड्रोजनच्या सिलिंडरवाल्याकडून कळावी, असे दिवस आलेत. बाबा बरे आहेत. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात, आणि चहात साखर घातली आहे म्हणून सांगितलं तरी आणखी एक चमचा घालतात. गोड लागला की माझ्यावर चिडतात. वयाला शोभेल एवढंच आहे, काळजी करू नकोस.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी "कामात आहे" म्हणून ठेवतोस. तुझं भांडण बाबांशी आणि शिक्षा मला, हा कुठला न्याय? "दुसऱ्याची यंत्रं पुसायला चाललास," असं तू भट्टी सोडलीस तेव्हा ते तुला म्हणाले, मी नाही. असो. म्हणून हे पत्र काकांच्या हाती देते. हायड्रोजन पोचतो तिथे पत्रही पोचेल.

तुला हे डॉक्टरबाईंना दाखवावं लागेल, म्हणून तुला पाठ असलेलंही लिहिते. यंत्रात एका बाजूला हायड्रोजन असतो, दुसऱ्या बाजूला हवा. मध्ये आमची चकती. हायड्रोजनमधले प्रोटॉन तेवढे ती पलीकडे जाऊ देते, बाकी कशालाही नाही, आणि त्यातूनच वीज मिळते. चकती म्हणजे दोन भांडकुदळ शेजाऱ्यांमधली भिंत. ती आहे तोवर दोघेही उपयोगाचे. भिंत पडली आणि यंत्र तापलेलं असलं, तर काय होईल ते लिहायची गरज नाही.

चकती बेरियमची असते, त्यात झिर्कोनियम आणि सेरियम. प्रचंड आचेवर भाजावी तेव्हाच ती घट्ट होते, पण तेवढ्या आचेत बेरियम उडून जातं. म्हणून चकत्या त्याच पुडीत पुरून भट्टीत ठेवतात. त्या पुडीला आम्ही पांघरूण म्हणतो. पांघरुणात बेरियमचं एक माप वरचं घालायचं, म्हणजे उडायचं ते पांघरुणातलं उडतं, चकतीतलं राहतं. आणि प्रत्येक भट्टीतली एक चकती बेसिनवर, ओलीत, उघडी ठेवायची, ही बाबांची जुनी रीत. "कपाटात सगळेच शहाणे असतात," ते म्हणतात. "उघड्यावर ठेवा, मग कळतं."

तर कळलं.

कारण अजून नक्की नाही. मध्यंतरी नव्या पुरवठादाराची पूड आली होती, तिच्यातच काही असावं. मालक म्हणाले, अहवाल हाती येईपर्यंत बाहेर बोलू नका. मी बाहेर बोलत नाहीये, भावाला लिहितेय.

तुला करायचं ते एवढंच. यंत्र तापलेलं आहे तोवर चकत्या टिकतील, असं गळतीबाईंना वाटतं. घात ओलीचा आहे. थंड यंत्रात वाफ राहिली की सांधे पाणी पितात, फुगतात आणि सुटतात. या आठवड्यात तुमची वार्षिक तपासणी आहे ना? ती पुढे ढकल. काहीही सांग, पण यंत्र थंड करू नकोस.

छकुलीला पापा. तिच्या आईला सांग, पाठवलेला स्वेटर मापात बसला.

तुझी,
ताई


शुक्रवार, ता. २०

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तुझी चिठ्ठी काकांनी दिली. पावतीच्या पाठीवर लिहिलीस, तरी अक्षर अजून शाळेतलंच आहे. समोर ठेवूनच लिहितेय.

तू लिहितोस, पत्र मिळालं तेव्हा यंत्र थंड होऊन एक दिवस झाला होता. वाफ आत होती, कारण पुस्तिकेत तसंच सांगितलंय. सोमवारी सकाळी दहाला पेटवणार. आणि पुढे: "नव्या पुरवठादाराची पूड गेल्या महिन्यात आली, असं काका सांगतात. आमच्या चकत्या त्याच्या कितीतरी आधीच्या. नीट सांग, नाहीतर सांगूच नकोस."

काकांना सिलिंडरच्या झडपा घट्ट बसवता येतात, स्वतःची मात्र नाही. ठीक आहे, नीट सांगते.

सोमवारी तुला पत्र दिलं आणि फळीवरच्या बाकीच्या साक्षीदारांना एकेक करून बोट लावत गेले. काही ठणठणीत, काही भुसभुशीत. एका भट्टीची दगडासारखी, शेजारच्या भट्टीची पिठासारखी. पूड तीच, आच तीच. गळतीबाईंनी भुसभुशीत चकत्यांची पूड तपासली. बेरियम कमी नव्हतं, जास्त होतं. सांध्यासांध्यांत भरून राहिलेलं. आणि गंमत बघ, याच चकत्या चाचणीत सगळ्यांत घट्ट ठरल्या होत्या. जास्तीचं बेरियम भट्टीत वितळून फटी बुजवतं, म्हणून. त्या दिवशी आम्ही पेढे... नाही, पेढे नव्हते, पण मालकांनी सगळ्यांचे हात हातात घेतले होते एवढं आठवतं.

बेरियम चकतीत जास्त येणार कुठून? पांघरुणातून. पांघरूण कालवतं कोण, ते तुला ठाऊक आहे. तिथे बाबा दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.

बुधवारी दुपारी मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले.

"काय गं, पहारा?"

"शिकायला आले."

"पंचवीस वर्षांनी? लवकर आलीस."

हसले. हात तसाच आहे रे त्यांचा. माप भरलं, बोटाने सपाट केलं, अलगद पालथं घातलं. एक कण इकडेतिकडे नाही. तेवढ्यात गाळणीवाली दारातून ओरडली, "अण्णा, ट्रॉली लावू का?" ते वळून म्हणाले, "लाव, पण चाकात तेल घाल, कोकलतेय." परत वळले. हातात रिकामं माप. त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग भरलं, बोटाने सपाट केलं आणि अलगद पालथं घातलं.

मी विचारलं, "बाबा, किती मापं झाली?"

"एक. एकच असतं, पोरी. दुसरं पडलं की ते पांघरूण नाही, ओझं."

बारक्या, त्यांना सगळं येतं. का, कसं, किती, सगळं. फक्त आत्ताच केलेलं आठवत नाही. आणि कुणी मध्ये बोललं नाही तर चुकतही नाहीत. ज्या दिवशी कुणी हाक मारली नाही, त्या दिवसाच्या चकत्या दगडासारख्या झाल्या.

मी काय केलं? ट्रेला कोपर लावलं. सगळं पांघरूण जमिनीवर. ते मला दिवसभर वेंधळी म्हणत होते, जेवतानाही. मी ऐकून घेतलं. दुसरं कालवलं तेव्हा मी दाराला आतून कडी लावली आणि कुणाला हाक मारू दिली नाही.

साखरेचं तुला लिहिलं होतं ते हसण्यावारी नेलंस ना? मीही वर्षभर तेच करतेय.

आता मनातलं. ते भट्टीशिवाय राहू शकत नाहीत. घरी बसवलं तर उरलंसुरलंही जाईल. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आज कुठे कुठे भट्ट्या चालवतात, आणि त्यांच्यात शेवटी हीच गोष्ट राहील: अण्णांनी प्रसूतिगृहाची चकती फोडली. म्हणून तुला एक मागते. यंत्र पेटवू नकोस, पण कारण सांगू नकोस.

इतकं लिहून चहा करून आले आणि वाचून पाहिलं. मलाच हसू आलं. कारण न सांगता तू नकार कसा देणार? डॉक्टरबाई म्हणतील, पगार कशाचा घेतोस? तर असं कर. चकत्या ओलीने कुजल्या एवढं सांग, ते खरंच आहे. हात कुणाचा होता, तेवढं राहू दे. उद्या मी मालकांकडे जाते. त्यांनी फोन केला की तुझ्यावरचं ओझं उतरेल.

आणि पेटवण्याची वेळ आलीच, तरी हायड्रोजनची झडप उघडताना यंत्राजवळ उभा राहू नकोस. ती हातानेच उघडावी लागते, कळतं मला. तरी लिहिलं.

तुझी,
ताई


रविवार, ता. २२

बारक्या,

बाबा आज सकाळच्या पहिल्या बसने तुझ्याकडे निघाले. बसस्थानकावरच्या तिकीटवालीने खात्रीने सांगितलं. तिला ते लक्षात राहिले, कारण त्यांनी तिकीट काढलं, चार पावलं गेले, परत आले आणि पुन्हा तिकीट मागितलं. तिनेच त्यांना खिशातलं पहिलं दाखवलं. "हसले हो छान," म्हणाली.

सकाळपासून तुला फोन लावतेय. प्रसूतिगृहात लावला तर तिथली मुलगी म्हणते, तळघरात फोन लागत नाही, निरोप देते. निरोपावर माझा भरवसा नाही. काकांची गाडी दुपारी सुटतेय, म्हणून उभ्या उभ्या लिहिते.

काल मालकांकडे गेले. गळतीबाईही आल्या. मी सगळं सांगितलं, बाबांचं सोडून. मालक म्हणाले, "बाई, तुमच्याच सहीचं प्रमाणपत्र आहे. इतकी घट्ट चकती आपण कधी केली नव्हती."

गळतीबाई म्हणाल्या, "मी त्या दिवशी तिचा श्वास तपासला, साहेब. तिची पत्रिका नाही मांडली."

मालकांनी माझ्यासमोर डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या काय म्हणाल्या ते बाहेरपर्यंत ऐकू आलं. जनरेटर धापा टाकतोय, वर काचेच्या पेट्यांत बाळं आहेत, सोमवारी यंत्र चालू हवं म्हणजे हवं. मालकांनी घाम पुसला आणि म्हणाले, "मग जरा सावकाश पेटवा." झालं. एवढ्यावर सुटले. वाईट माणूस नाही, पण "थांबवा" हा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दोष नक्की कुठे आहे ते दाखवा, मी आत्ता थांबवतो. नुसत्या शंकेवर कसं थांबवू?"

तेव्हा मला सांगावं लागलं. त्यांनी बाबांना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. आदराने विचारलं, "अण्णा, पांघरुणात किती मापं घालता?"

"एक."

"ताई म्हणतात, दोन पडतात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता भडकतील. भडकले असते तर बरं झालं असतं.

"मग दोन पडत असतील," म्हणाले. "ती खोटं बोलत नाही."

मालकांनी मान खाली घातली. पुन्हा फोन लावला, तर डॉक्टरबाई शस्त्रक्रियेत. "संध्याकाळी लावतो," म्हणाले. संध्याकाळी लावला का, हे विचारायला गेले तर दाराला कुलूप. आज रविवार. त्यांचाही फोन लागत नाही.

घरी आल्यावर बाबा शांत होते. मी भांडी घासत होते, ते पुसत होते. म्हणाले, "धाकटा कधी पेटवतो?"

"उद्या नाही, परवा. दहाला. पण पेटवणार नाही तो, मी कळवलंय."

"तो पेटवणार. पुस्तिकेत लिहिलंय ना." मग एक ताट उचलून, "जवळ उभं राहावं लागतं?"

"झडप हाताने उघडायची असते."

"हं." ताट पुसून ठेवलं. "चकती माझी. तो का उभा राहील?"

मी म्हटलं, कुणीच उभं राहायचं नाहीये. त्यांनी मान हलवली. आणि लगेच, अगदी त्याच आवाजात विचारलं, "बारक्या आला का गं भट्टीवरून? जेवायचा राहिलाय." मी म्हटलं, येईल. काय म्हणणार?

सकाळी उठले तर त्यांचं अंथरूण नीट घडी घातलेलं. फोन फळीवर. चामड्याचे लांब हातमोजे आणि भट्टीवरचा जाड कोट जागेवर नाही. दोन वर्षांत, कालची रात्र सोडली तर, त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, पण तुझा पत्ता त्यांना पाठ आहे. तिकीटवालीला त्यांनी फाटकाचा रंगसुद्धा सांगितला. हातमोजे घेऊन कुणी पाहुणा म्हणून जात नाही, बारक्या. नातीला बघायला तर नाहीच.

मध्ये एक बस बदलावी लागते. बदलली तर संध्याकाळी तुझ्या दारात असतील. नाही बदलली तर कुठे असतील, ते मी लिहीत नाही. तुझ्या बायकोचाही फोन सकाळपासून लागत नाही, संध्याकाळी पुन्हा लावीन. ती माझा उचलते.

आता मी केलेलं ऐक. आपल्या कारखान्याचा लहान जनरेटर काकांच्या गाडीवर चढवलाय. मालकांना विचारलेलं नाही. काका म्हणाले, "ताई, माझी नोकरी गेली तर?" मी म्हटलं, "दोघं मिळून भाजी विकू." त्यांनी दोर आवळायला घेतले. काचेच्या पेट्यांना तेवढा पुरेल. डॉक्टरबाईंना पेटवण्याची घाई राहणार नाही. जनरेटरने जागा खाल्ली म्हणून या खेपेला हायड्रोजन नाही. पण तुमच्याकडे जुने दोन सिलिंडर उरलेत असं काका म्हणतात, आणि एकदा पेटवायला एकही पुरतो.

शुक्रवारी मी तुला लिहिलं होतं, हात कुणाचा ते सांगू नकोस. ते खोडून टाक. डॉक्टरबाईंना सगळं सांग. चकतीत बेरियम का जास्त झालं, माप कुणी दोनदा घातलं आणि का. नाव सांग, वय सांग, माझे वडील आहेत म्हणून सांग. त्यांचं नाव जाईल. जाऊ दे. मालकांना पुरावा हवा होता, तो मी बापाचा दिला, आणि तरी त्यांच्याने फोन लागला नाही. तू तो डॉक्टरबाईंना तुझ्या तोंडाने दिलास तर लागू पडेल.

बाबा आले असतील तर त्यांना तळघरात नेऊ नकोस. ते अगदी समजून उमजून बोलतील. तुला वाटेल, ताईने उगाच बाऊ केला. यंत्राबद्दल तुला चार गोष्टी शिकवतील आणि त्या बरोबर असतील. तुला म्हणतील, तू जिन्यात जाऊन उभा राहा, मी बघतो. ऐकू नकोस. त्यांना वर बसव, छकुलीला मांडीवर दे. मांडीवर मूल असलं की ते उठत नाहीत.

काकांची गाडी सकाळी नऊच्या सुमारास फाटकाशी येईल. रस्त्यात काम चालू आहे, तेव्हा थोडं पुढेमागे. तुमची वेळ दहाची. यंत्र तापवायला तू पहाटेपासूनच सुरुवात केली असशील, म्हणजे हे वाचताना ते गरम असेल आणि झडप तेवढी राहिली असेल. तापू दे. झडपेला हात लावू नकोस, आणि दुसऱ्या कुणाला लावू देऊ नकोस.

उत्तर लिहू नकोस. दोघं वर उजेडात आलात, की कुणाच्याही फोनवरून मला आवाज ऐकवा. आधी कुणाचाही चालेल. मग दुसऱ्याचा.

दहापासून फोनपाशी बसलेली असेन.

ताई